पिक्सेल फॉन्टमध्ये ‘मुलुंड’ का बसत नाही?

जुन्या व्हिडिओ गेममधली ती चौकोनी अक्षरं आठवतात ना? गेमिंग कॅफेचे बोर्ड, कॉलेज फेस्टची पोस्टर्स, टी-शर्ट... पिक्सेल अक्षरं पुन्हा दिसायला लागलीत. पण ती जवळजवळ सगळी इंग्रजीत. आपल्यासाठी काम नेमकं इथेच आहे.

‘प्रेस स्टार्ट टू पी’ हा फॉन्ट घ्या. नाम्को कंपनीच्या १९८० च्या दशकातल्या आर्केड गेमच्या अक्षरांवर बेतलेला, गूगल फॉन्ट्सवर फुकट. एक अक्षर म्हणजे ८ बाय ८ ची चौकट, ६४ ठिपके, बस्स. त्यात ‘मुलुंड’ टाइप करा. सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं किंवा रिकामे चौकोन दाखवतं, कारण यात देवनागरी नाहीच.

आणि असती तरी आठ ओळींत मावली नसती. एक ओळ शिरोरेषेला गेली. वर अनुस्वार, वेलांटी, रफार. खाली उकार. मूळ अक्षराला उरतात जेमतेम चार ओळी! १६ ओळी घ्या, मग अक्षर मोकळं होतं. ठिपक्यांत देवनागरी नीट वाचता येते, हे तर अंधेरी-बोरिवलीच्या फलाटांवरचे एलईडी इंडिकेटर रोज दाखवतात. धावत जिना उतरतानाही आपण ते वाचतोच की.

आता लगेच पूर्ण फॉन्ट बनवायला बसू नका. जोडाक्षरंच शेकड्यांनी आहेत, दम निघेल. आधी नावं विका. दुकानाचं नाव, गेमचं शीर्षक, पोस्टरवरची एक ओळ. आलेखाचा कागद घ्या, चौकोन भरा, मग कॉम्प्युटरवर काढा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे ठेवा, गिऱ्हाईकाला फरक जाणवतो. मोठं करताना दुप्पट, तिप्पट असं पूर्ण पटीतच करा. अडीचपट केलंत की चौकोन लहान-मोठे होतात. जेपीजी देऊ नका, कडा मळतात. फ्लेक्सवाल्याला व्हेक्टर पीडीएफ द्या.

लायसन्स मात्र वाचाच. गूगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली येतात. गिऱ्हाईकाच्या बॅनरवर, विकायच्या गेममध्ये बिनधास्त वापरा. नुसती फॉन्टची फाइल मात्र विकता येत नाही. त्यात देवनागरी भरून नवा फॉन्ट केलात, तर तोही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. इतर साइटवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेला फॉन्ट गिऱ्हाईकाच्या कामात चालत नाही, मग तो फुकट उतरवलेला का असेना. हाताने काढलेल्या नावाला ही भानगडच नाही. शिवाय दर नगावर लावता येतो.

नमुना म्हणून या आठवड्यात आपापल्या स्टेशनचं नाव काढा. विक्रोळीवाल्यांनो, तुमचा पेपर जरा अवघड आहे!