केशराला बी नसतं

श्रीखंडात आपण केशराच्या काड्या घालतो. ती काडी म्हणजे फुलातल्या स्त्रीकेसराचं लाल टोक. एका फुलात अशा तीनच काड्या, म्हणून किलोभर केशरासाठी सुमारे दीड लाख फुलं खुडावी लागतात.

केशर ग्लॅडिओलसच्या कुळातलं. या कुळातल्या बहुतेक फुलांत पुंकेसरही तीनच असतात, आणि केशराचा जीव असतो तो जमिनीखालच्या कंदात. कांदा सोलला की पापुद्रे सुटतात. हा कंद कापला तर आतून सुरणासारखा भरीव. खरं तर ते अन्न साठवून फुगलेलं खोडच. उन्हाळाभर तो निजून राहतो. काश्मीरात पांपोरच्या शेतांत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जांभळी फुलं येतात. पुढे पानं अन्न तयार करतात, जुन्या कंदावर नवे कंद धरतात आणि जुना सुकून जातो.

एवढं देखणं फूल, पण वांझ! त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात. त्यांची सारखी वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही. रानात केशर आपोआप उगवत नाही. शेतकरी कंद उकरतो, वेगळे करतो, पुन्हा लावतो. हजारो वर्षं ही लावणी माणसाच्या हातांनी चालू ठेवली आहे. ते हात थांबले, तर केशरही थांबेल.