दहा बाय बाराच्या खोलीतली रेल्वे

परळच्या जुन्या गिरणगावातील चाळीची एक खोली डोळ्यांसमोर आणा. दहा फूट रुंद, बारा फूट लांब. एका कोपऱ्यात मोरी, तिच्या शेजारी ओटा, भिंतीला लागून कॉट आणि कॉटखाली ट्रंका. या खोलीत राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आगगाडीचे वेड असले तर त्यात नवल ते काय? परळ आणि प्रभादेवी ही मध्य व पश्चिम रेल्वेची स्थानके इथे एकमेकींना खेटून उभी आहेत. परळला जीआयपी रेल्वेने १८७९ साली कारखाना उभारला. लोअर परळला पश्चिम रेल्वेचा डब्यांचा कारखाना आहे. रुळांचा खडखडाट इथे लहानपणापासून कानांवर पडतो.

आता या मुलीच्या मनात आले, की घरात आपली स्वतःची छोटी रेल्वे असावी. रूळ, सांधे, इंजिन, वाघिणी, सगळे खऱ्यासारखे. तिने किती जागा मागावी? आणि आई किती देईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या हाती नाही. पहिल्याचे मात्र पेन्सिल-कागद घेऊन काढता येते, आणि ते जरा धक्का देणारे आहे.

छोट्या रेल्वेचे जगात सर्वांत रूढ असलेले प्रमाण म्हणजे 'एचओ'. हे नाव 'हाफ झीरो' यावरून आले. पूर्वी 'शून्य' नावाचे एक प्रमाण होते, त्याचे हे निम्मे. यात ८७ मीटरची वस्तू १ मीटरची होते. आपली बारा डब्यांची लोकल सुमारे २५० मीटर लांब असते. तिला ८७ ने भागा. २ मीटर ८७ सेंटिमीटर! आपल्या खोलीची लांब भिंत १२ फूट, म्हणजे ३ मीटर ६६ सेंटिमीटर. म्हणजे लोकल भिंतीलगत उभी केली तर पुढे जेमतेम ८० सेंटिमीटर उरतात. एवढे सरकली की गाडी ओट्याला धडकणार. 'एन' नावाचे याहून लहान प्रमाण आहे, १६० ला १. त्यातही हीच लोकल दीड मीटरहून मोठी होते.

वळणाचे गणित तर आणखी कठीण. आपल्या रुंदमापी मार्गावर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे चालते. ८७ ने भागले की त्रिज्या झाली २ मीटर. पूर्ण वर्तुळाला ४ मीटर व्यास लागेल. खोलीची लांब भिंतसुद्धा त्याला पुरत नाही!

मग दुकानात मिळणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्या टेबलावर गरगर कशा फिरतात? त्यांच्या रुळाची त्रिज्या बहुधा १८ इंच, म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या आसपास असते. खऱ्या रेल्वेत हे वळण ४० मीटर त्रिज्येचे होईल. अशा वळणावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने खरी गाडी नेली तर काय होईल ते पाहू. वेग सेकंदाला २२.२ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे आपले केंद्राभिमुख त्वरणाचे सूत्र. उत्तर येते १२.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरण ९.८ असते, हे तुम्हाला पाठ आहेच. म्हणजे गाडीला वळवण्यासाठी तिच्या वजनापेक्षाही मोठे आडवे बल लागेल. गाडी वळणारच नाही, उलटेल.

आता छोटी गाडी पाहा. तिचा वेगही ८७ पट कमी आणि त्रिज्याही ८७ पट कमी. वरच्या सूत्रात वेगाचा वर्ग आहे, पण खाली त्रिज्या एकदाच. म्हणून त्वरणही ८७ पट कमी होते, फक्त ०.१४. गाडी खुशाल वळते. लांबी, वेग आणि त्रिज्या आपण एकाच मापाने आखडल्या, पण पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण काही आखडले नाही! या एका गोष्टीमुळे खेळण्यातल्या गाडीला अशक्य वळणे शक्य होतात. (प्रमाणाप्रमाणे तिचा वेग सेकंदाला फक्त २५ सेंटिमीटर हवा. मुले ती सेकंदाला मीटरभर पळवतात, तेव्हा ती हिशोबाने ताशी ३१३ किलोमीटर धावत असते.)

वजनाचा हिशोब मात्र आपल्या विरुद्ध जातो. वजन घनफळाबरोबर घटते, म्हणून भागायचे ८७ च्या घनाने, म्हणजे ६,५८,५०३ ने. ४० टनांचा डबा फक्त ६१ ग्रॅमचा होतो. इतका हलका डबा सांध्यावर सहज उडी मारतो. म्हणून जाणते छंदिष्ट डब्याच्या तळाशी शिशाचे किंवा लोखंडाचे तुकडे चिकटवून तो याहून बराच जड करतात.

थोडक्या जागेत वळण बसवायचेच असेल तर एक प्रामाणिक मार्ग आहे. मुळातच तीव्र वळणे घेणारी रेल्वे निवडायची. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे आठवा. तिच्या रुळांमधील अंतर होते ७६२ मिलिमीटर. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ती रुंदमापी झाली, पण तिची छोटी प्रतिकृती करायला कोणाची हरकत आहे? ७६२ ला ८७ ने भागले की ८.८ मिलिमीटर येतात आणि 'एन' प्रमाणाचा तयार रूळ असतो ९ मिलिमीटरचा. जवळपास बरोबर! या मापाच्या अरुंदमापी मार्गावर ४४ मीटर त्रिज्येपर्यंतची वळणे चालतात. ८७ ला १ या प्रमाणात ती फक्त ५१ सेंटिमीटरची होतात. चार फूट रुंदीचे टेबल पुरेल.

पण चार फुटांचे चौकोनी टेबल तरी त्या खोलीत कुठे ठेवायचे? पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. एकाच वेळी अनेक गाड्या, सिग्नल आणि घाट कसे हलतात ते तिथे पाहावे. पण त्यासाठी एक अख्खे दालन लागते. शिवाय खरे सांगायचे तर, एकच गाडी गोलगोल फिरताना पाहण्याचा मला स्वतःला दहा मिनिटांत कंटाळा येतो. गाडीला कुठे जायचे असते, काही काम असते. गोल फिरण्यात काम कसले?

म्हणून माझी सूचना अशी, की सगळी रेल्वे लहान करू नका. रेल्वेचा असा तुकडा निवडा, जो मुळातच लहान आहे आणि जिथे गाडीला सतत काम आहे. असा तुकडा म्हणजे मालधक्का. परळच्या पूर्वेला कॉटन ग्रीन आहे, शिवडी आहे. १९१५ साली सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेने या पट्ट्यात अनेक वर्षे मालाची ने-आण केली. कापसाच्या गाठी, धान्याची पोती, लाकूड यांनी भरलेल्या वाघिणी इंजिनाने पुढेमागे करून योग्य क्रमाने लावायच्या, यालाच शंटिंग म्हणतात. तिथे वेग माणसाच्या चालीचा आणि वळण जवळजवळ नाहीच.

ॲलन राइट या ब्रिटिश छंदिष्टाने शंटिंगचे एक सुरेख कोडे रचले. त्याचे नाव 'इंगलनुक'. यात दोन सांधे आणि तीन शाखा. एका शाखेवर ५ वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींवर ३-३. सांध्यांच्या अलीकडे जो रूळ आहे त्यावर इंजिन आणि ३ वाघिणी मावतात, अधिक नाही. वाघिणी एकूण ८. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचला. ज्या क्रमाने त्या निघाल्या त्या क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब शाखेवर लावा. वाघीण हाताने उचलायची नाही.

शाखांवर जागा ११, वाघिणी ८, म्हणजे ३ जागा रिकाम्या. सगळा खेळ या रिकाम्या जागांवर चालतो. त्या भरून टाका, सगळे ठप्प होईल.

हे किती लांबीत बसते? जुनी चारचाकी वाघीण एचओ प्रमाणात साधारण १० सेंटिमीटरची होते. इंजिन १५ धरा. अलीकडचा रूळ झाला ४५ आणि लांब शाखा ५०. आता सांधे. खेळण्यातल्या सांध्यात एक रूळ दुसऱ्यापासून साधारण ४ ला १ या चढीने फाकतो. ५ सेंटिमीटर बाजूला जायला २० सेंटिमीटर पुढे जावे लागते. दोन सांध्यांचे ४० धरून एकूण १३५ सेंटिमीटर. एक फूट रुंदीची फळी कॉटखाली ट्रंकांच्या पुढे सरकवता येईल. आईची परवानगी मिळण्याजोगी ही मागणी आहे.

एवढीही लांबी नसेल तर? सांध्यांचे ४० सेंटिमीटर वाचवता येतात, आणि ती युक्ती रेल्वेचे कारखानेच शिकवतात. डबे दुरुस्त करायच्या छपरांखाली सांध्यांना लांबी द्यायला जागा नसते. तिथे ट्रॅव्हर्सर असतो, म्हणजे रूळ बसवलेला आणि आडवा सरकणारा भला मोठा पाट. डबा पाटावर आला की पाट बाजूला सरकतो, हव्या त्या रुळासमोर थांबतो, आणि डबा पुढे ढकलला जातो. आपल्या फळीवर ४५ सेंटिमीटरची एक पट्टी कपाटाच्या ड्रॉवरसारखी आडवी सरकेल अशी बसवा. सांधे गेले, लांबी ९५ सेंटिमीटरवर आली. मात्र पट्टीवरचा रूळ आणि पुढचा रूळ अगदी समोरासमोर यायला हवेत; अर्ध्या मिलिमीटरची चूकसुद्धा चाक खाली उतरवते. म्हणून प्रत्येक जागी पट्टी अडकेल अशी खिट्टी ठेवा.

इंजिन १२ व्होल्टवर चालते. त्यासाठी तयार नियंत्रकच वापरा, घरातल्या विजेशी खेळ नको. आणि ही विदेशी खेळणी महाग पडतात, हे मला ठाऊक आहे. पण कोडे सोडवायला इंजिनही लागत नाही. पुठ्ठ्यावर रेघा आखा, काडेपेट्यांवर आकडे लिहून त्यांच्या वाघिणी करा, खोडरबराचे इंजिन करा.

आधी लहान कोडे घ्या: शाखा ३, २ आणि २ वाघिणींच्या, अलीकडे इंजिन आणि २ वाघिणी, एकूण वाघिणी ५, लावायच्या ३. असे क्रम ५ × ४ × ३ म्हणजे ६० होतात. लांब शाखेवर सांध्याकडून १, २, ३ आणि दुसऱ्या शाखेवर ४, ५ उभ्या करा. आता लांब शाखेवर सांध्याकडून ३, ५, १ असा क्रम आणायचा आहे. वर्गात दोन गट करा आणि इंजिनाची दिशा कोण कमी वेळा बदलतो ते शिक्षकांना मोजायला सांगा. हे जमले की मोठ्याकडे वळा. तिथे क्रम आहेत ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२०. रोज एक सोडवला तर अठरा वर्षांहून अधिक पुरतील.