मोहरीचे सतरा दाणे

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डिशवॉशर उघडला, तर खालच्या जाळीतली ताटं लख्ख आणि वरच्या जाळीतल्या वाट्या जशाच्या तशा. श्रीखंडाची पिवळी कड वाळून चिकटलेली, पेल्यांच्या तळाशी पिठासारखा थर. वडी तीच, पाणी तेच, प्रोग्रॅमही रोजचाच. तीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. प्रयोग फसला की मुलांना सांगायचे, काय बदललंय ते आधी शोधा, मग उपकरणाला हात लावा. इथे वर आणि खाली एकच गोष्ट वेगळी होती, ती म्हणजे पाणी उडवणारी फिरकी.

प्रत्येक जाळीखाली प्लॅस्टिकचं एक लांबट पातं असतं. कंपनीच्या पुस्तिकेत त्याला स्प्रे आर्म म्हणतात, आमच्या घरी फिरकी. मी प्लग काढला, वरची जाळी ओढली, फिरकीचा नट सोडवला आणि ती कानाशी धरून हलवली. बाळाच्या खुळखुळ्यासारखा आवाज आला. नळाखाली धरून, टूथपिकने एकेक भोक मोकळं करत मी ती बशीवर झटकली. मोहरीचे सतरा दाणे निघाले. शिवाय चिमूटभर जिरं आणि कढीपत्त्याची एक शीर.

पण मोहरी तिथवर पोचलीच कशी? डिशवॉशर एका वेळी तीन-चार लिटर पाणी तळाशी घेतो आणि तेच तापवून, गाळून पुन्हा पुन्हा वर उडवतो. मधेच ते सोडून देतो आणि नवं घेतो. सगळं मिळून दहा-बारा लिटरमध्ये घरातली दिवसभराची भांडी निघतात, ती या फिरवाफिरवीमुळे. म्हणजे तळाची गाळणी नीट बसलेली नसेल, तर ताटातलं खरकटं पंपातून थेट फिरकीत जातं. दोन दिवसांपूर्वी मी ती गाळणी धुतली होती, आणि परत बसवताना कट्‌ आवाज येईपर्यंत फिरवली नव्हती. फोडणीची मोहरी त्या फटीतून गेली आणि फिरकीच्या भोकांत अडकली.

ही गोष्ट इतकी सविस्तर सांगते आहे, कारण गेल्या पाच वर्षांत मी माझ्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मिळून बऱ्याच मशीन उघडल्या आणि त्यातल्या बहुतेक बिघडलेल्याच नव्हत्या. कुठे खरकटं अडकलेलं, कुठे पाणी जड, कुठे पाइप दुमडलेला. २०२० सालच्या टाळेबंदीत आमच्याकडच्या मावशींना येता येईना, तेव्हा अनेक घरांसारखं आम्हीही हे मशीन घेतलं. सासूबाईंच्या बोटांचे सांधे धरलेले असतात आणि सिंकपाशी उभं राहणं त्यांना झेपत नाही. मशीन चार दिवस बंद पडलं तरी घरात कुणाच्या तरी हातावर ते काम येतं, आणि बहुतेक घरांत ते बाईच्याच हातावर येतं. म्हणून ते चालू ठेवण्याची विद्या घरात असावी, असं मला मनापासून वाटतं.

हे यंत्र एका बाईनेच व्यवहारात आणलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचं पेटंट मिळालं. भांडी तारांच्या कप्प्यांत अडकवून ठेवायची आणि पाण्याच्या जोरानं धुवायची, ही त्यांची कल्पना. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं भांडी धूत होती. आजही मशीन भांडी घासत नाही, पाण्याचा मारा करतं. हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्म्या तक्रारींचं कारण आपोआप कळतं. जिथे पाण्याचा मारा पोचत नाही, तिथे भांडं निघत नाही. वाटीत वाटी बसली असेल, पातेलं उताणं असेल, किंवा झाऱ्याचा दांडा जाळीतून खाली येऊन फिरकीला अडत असेल, तर वडी कितीही महागाची असो, उपयोग नाही. दार लावण्यापूर्वी दोन्ही फिरक्या बोटाने एकेक वेढा फिरवून पाहायची सवय मी घरात सगळ्यांना लावली आहे.

आता पाण्याविषयी. आम्ही राहतो सूस रस्त्याला, सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत टँकरच्या भरवशावर. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं. पहिल्याच उन्हाळ्यात काचेचे पेले पांढुरके दिसायला लागले. मी कठीणपणा मोजायच्या पट्ट्या आणल्या. लिटरला ४५० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा आला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मशीन मात्र कारखान्यातून आलं त्याच सेटिंगवर चालू होतं.

तळाशी गाळणीच्या बाजूला जे मोठं झाकण असतं, त्याखाली मिठाची टाकी असते. पुष्कळांचा समज असतो की हे मीठ भांडी चमकवतं. त्याचं काम वेगळंच आहे. मशीनच्या आत राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही वेळाने मणी भरून जातात, मग मिठाचं दाट पाणी त्यांच्यावरून नेऊन त्यांना पुन्हा ताजं करावं लागतं. पाणी जितकं जड, तितक्या वेळा हे व्हायला हवं, आणि ते किती वेळा करायचं हे मशीनला आपणच सांगायचं असतं. पुस्तिकेत बहुधा जर्मन अंशांचं कोष्टक असतं. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम, म्हणजे आमचे ४५० झाले २५ अंश. सेटिंग बदललं, मीठ भरलं, आणि आठवड्याभरात पेल्यांवर थर धरणं थांबलं.

मीठ डिशवॉशरचंच घ्या. जेवणाच्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून मिसळलेले पदार्थ असतात, खड्या मिठात माती आणि पुन्हा कॅल्शियम-मॅग्नेशियमच. दोन्ही त्या मण्यांना मारक. आणि मीठ भरलं की लगेच एक धुणं लावा. सांडलेलं खारट पाणी तळाच्या स्टीलवर रात्रभर राहिलं तर गंजाचे ठिपके पडतात. हे झाकण ढिलं राहिलं तरी मीठ धुण्याच्या पाण्यात उतरतं आणि चमच्यांवर तसेच ठिपके दिसू लागतात.

पांढुरका पेला क्षाराने तसा झालाय की काच झिजलीय, हे ओळखायला बोटभर व्हिनेगर पुरे. चोळल्यावर डाग गेला तर क्षार. नाही गेला तर काचच कायमची खरवडली गेली आहे, तिथे इलाज नाही. गरजेपेक्षा जास्त डिटर्जंट आणि फार मऊ पाणी यांनी ते होतं. मशीनच्या आतल्या भिंतींवर क्षार बसला असेल तर मी दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनमध्ये साधारण १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे वाण्याकडे मिळतं ते लिंबूसत्त्व, टाकून एक धुणं लावते. त्यासोबत ब्लीच कधीही घालू नका, विषारी वायू तयार होतो.

वरच्या मजल्यांवरच्या लोकांची एक तक्रार खालच्यांना कळतच नाही. मशीन पाणी घेत नाही, गुरगुरतं आणि बिघाडाचा कोड दाखवून थांबतं. पहिलं बघायचं ते नळ पूर्ण उघडा आहे का. दुसरं, पाइप मशीनला जिथे जोडलेला असतो तिथली छोटी जाळी. नळ बंद करून पाइप सोडवा, जाळी पक्कडीने हलकेच ओढा. टँकरची बारीक वाळू आणि गंज तिथे चिखलासारखा बसतो. जुन्या टूथब्रशने तो निघतो. हे करूनही पाणी येत नसेल, तर टाकी किती उंचावर आहे ते बघा. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो. आमच्या मशीनला किमान अर्धा बार लागतो, म्हणजे पाच मीटर. गच्चीवरची टाकी आमच्या स्वयंपाकघरातल्या नळापेक्षा जेमतेम साडेतीन मीटर वर. मशीन दोषी नव्हतं, पाण्याला जोर नव्हता. त्यावर छोटा प्रेशर पंप बसवणं हाच उपाय होता, आणि तो आम्ही प्लंबरकडून करून घेतला.

पाणी तुंबण्याची तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. धुणं संपल्यावर गाळणीच्या खळग्यात थोडं स्वच्छ पाणी दिसलं तर घाबरू नका, ते तसंच राहायचं असतं. पण तळ भरून गढूळ पाणी उभं असेल, तर आधी मशीनमागचा पाइप पाहा. सिंकखाली सिलिंडर बदलताना तो दाबला जातो आणि दुमडतो. मी तीन घरांत हेच पाहिलं. मग प्लग काढा, पाणी मगाने आणि उरलेलं जुन्या टॉवेलने टिपा, गाळणी काढा. तिच्याखाली बाहेर पाणी टाकणाऱ्या पंपाचं छोटं झाकण असतं. काही मशीनना ते हाताने निघतं, काहींना एक स्क्रू असतो. आत बोट घालण्याआधी टॉर्च मारा आणि हातमोजे घाला, फुटलेल्या पेल्याची कपची तिथेच जाऊन बसते. चिमट्याने अडकलेलं काढा आणि आतला छोटा पंखा काडीने फिरतो का ते बघा. तो थोडा अडत अडत, झटक्याने फिरतो; चुंबकामुळे तसं होतं, तो बिघाड नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना फोनवर पंपच बदलावा लागेल असं सांगितलं होतं. आम्ही दोघींनी उघडलं, तर लोणच्याच्या बरणीचं भिजलेलं लेबल पंख्याभोवती गुंडाळलेलं. काकूंनी त्या दिवसापासून लेबल काढल्याशिवाय बरणी आत ठेवलेली नाही.

वास येत असेल तर दाराची खालची कड पुसून बघा. तिथे पाणी पोचत नाही आणि रश्श्याचं तेल साठतं. रबराच्या घड्याही ओल्या फडक्याने पुसायच्या. भांडी ओली राहत असतील तर चमक आणणारं रिन्स एड संपलंय का ते पाहा; आणि प्लॅस्टिकचे डबे ओलेच राहणार, कारण स्टील आणि काच उष्णता धरून ठेवतात, प्लॅस्टिक धरत नाही. अॅल्युमिनियमची पातेली काळी पडतात, ती मशीनची चूक नव्हे. अॅल्युमिनियम, पितळ, बिडाचा तवा आणि लाकडी पोळपाट-लाटणं हातानेच धुवायचं. खरकटं चमच्याने काढून टाका, पण भांडी आधी नळाखाली लख्ख विसळू नका. वडीतली विकरं त्या पिठावर आणि डाळीवरच काम करतात.

एकदा पाहुण्या आलेल्या भाचीने भांडी घासायचं साधं लिक्विड आत घातलं आणि दाराखालून फेस बाहेर आला. मशीन बंद करून फेस वाटीने काढला, कपभर व्हिनेगर तळाशी ओतलं आणि वडी न घालता गार पाण्याचं विसळणं दोनदा लावलं. त्यावर निभावलं.

माझी एक हद्द मी ठरवलेली आहे. गाळणी, फिरक्या, जाळ्या, रबर, पाइप, पंपाचं झाकण इथवर माझा हात. खालचा पत्रा उघडून हीटर, वायरिंग किंवा कंट्रोल बोर्डला मी हात लावत नाही. मशीन दोन किलोवॉटच्या आसपास वीज घेतं आणि त्यात पाणी असतं. दाराला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, ट्रिप होत राहिलं, जळका वास आला, तर प्लग काढून माणूस बोलवायचा. १६ अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग हवंच, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून लागू केलेल्या नियमांतही अशीच एक रेघ आहे. फिरक्या, गाळण्या, दाराची रबरं, जाळ्या हे भाग सामान्य ग्राहकालाही दहा वर्षं मिळायला हवेत, आणि मोटर, पंप, हीटर हे कारागिरांना सात वर्षं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणं त्यात आहेत. पण साध्या जाळीचं चाक हवं असेल तर मला आजही चार ठिकाणी विचारावं लागतं. शंभरेक रुपयांच्या चाकापायी जाळी बदलायला लागावी, हे मला फार लागतं. हे भाग ग्राहकाला सुटे, थेट आणि वर्षानुवर्षं मिळावेत, असा नियम आपल्याकडेही हवा.

उद्या सकाळी पाचव्या मजल्यावरच्या वहिनींकडे जायचंय. त्यांच्या मशीनखाली पाणी येतंय. आधी फेस होतोय का ते बघेन, मग दाराच्या रबराची फट, मग मिठाच्या टाकीचं झाकण, मग मागच्या पाइपचा जोड. खालच्या तबकात पाणी उतरलं असेल तर तिथला तरंगणारा स्विच मशीनला सुरूच होऊ देणार नाही, आणि मग कारागीरच लागेल. टॉर्च, पक्कड, जुना टॉवेल आणि ती बशी पिशवीत भरून ठेवली आहे.