वर घोड्यावर बसून वर बघतो! (शब्दांची जात कशी ओळखावी?)



एक सोपा प्रश्न. 'वर' या शब्दाची जात कोणती? घरात मुलांना मराठी शिकवताना यावरून हमखास वाद होतो. आई म्हणते शब्दयोगी अव्यय, बाबा म्हणतात क्रियाविशेषण आणि आजी म्हणते, "अरे, वर म्हणजे नवरामुलगा, म्हणजे नाम!" तिघेही बरोबर आहेत. गंमत म्हणजे शीर्षकातल्या एकाच वाक्यात हे तिन्ही 'वर' आले आहेत.

मुद्दा इतकाच की जात शब्दाला कायमची चिकटलेली नसते. वाक्यात तो शब्द काय काम करतो त्यावर ती ठरते. म्हणून "या शब्दाची जात सांग" असे न विचारता "या वाक्यात याची जात सांग" असे विचारावे. नाहीतर मूल बरोबर उत्तर देते आणि आपण ते चूक ठरवतो!

आपली मुले हे इंग्रजीत शिकतातच. इंग्लंडमध्ये २०१३ पासून इयर सिक्सच्या मुलांना व्याकरणाची वेगळी परीक्षा असते आणि तिथेही शब्द वाक्यात देऊनच 'वर्ड क्लास' विचारतात. मराठीतल्या आठ जातीही त्यांना अगदी परक्या वाटणार नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठी व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता.

आता घरी करता येतील अशा चार सोप्या चाचण्या:

१) आधीचा शब्द बदलला का? 'टेबल'चे 'टेबला' झाले आणि 'वर' त्याला जोडून आला (टेबलावर), म्हणजे तो शब्दयोगी. "पतंग वर गेला" मध्ये 'पतंग' तसाच राहिला आणि 'वर' कुठे गेला ते सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. इंग्रजीत 'ऑन' सुटा लिहितात, त्या सवयीने आपली मुले 'टेबल वर' असे तोडून लिहितात. ही चाचणी कळली की ती चूकही सुटते. (अपवाद: सुद्धा, देखील, पण, च. हे शब्दयोगी असूनही आधीचा शब्द बदलत नाहीत. उदा. तोसुद्धा.)

२) पुढे नाम आहे का? "तो आला" मध्ये 'तो' सर्वनाम. "तो मुलगा आला" मध्ये तोच 'तो' मुलाबद्दल सांगतो, म्हणून विशेषण.

३) विभक्तीचा प्रत्यय घेऊन स्वतंत्र उभा राहतो का? "गरीब माणूस" मध्ये 'गरीब' विशेषण, पण "गरिबांना मदत करा" मध्ये पुढे नाम नाही आणि 'ना' प्रत्यय लागला आहे. इथे ते नामाचे काम करते.

४) काळ बदलता येतो का? "अभ्यास कर" चे "अभ्यास केला" होते, म्हणून 'कर' क्रियापद. "सरकारने कर वाढवला" मधल्या 'कर'चा काळ बदलून बघा... जमणार नाही, कारण ते नाम आहे.

आणि 'पण'? "मी आलो, पण तो आला नाही" इथे दोन वाक्ये जोडली, म्हणून उभयान्वयी. "भीष्मांनी पण केला" इथे प्रतिज्ञा, म्हणजे नाम. "मी पण येतो" इथे 'सुद्धा' या अर्थाने, म्हणून शब्दयोगी.

आम्हा संगणकवाल्यांना हे ओळखीचे आहे. वाक्यातल्या शब्दांच्या जाती ओळखणारा प्रोग्रामही नुसत्या शब्दकोशावर भागवत नाही, त्याला शेजारचे शब्द बघावेच लागतात. मुलांनाही तेच सांगायचे: पाठ करू नका, शेजारी बघा!

रविवारच्या जेवणाच्या टेबलावर हे सोडवून बघा. अधोरेखित करायचे शब्द: कारण, जाते, मागे.

अ) उशिराचे कारण सांग.
आ) मी आलो नाही, कारण पाऊस होता.
इ) आई ऑफिसला जाते.
ई) आजीच्या घरी दगडी जाते आहे.
उ) मागे बघ!
ऊ) घरामागे बाग आहे.

उत्तरे: अ) नाम आ) उभयान्वयी अव्यय इ) क्रियापद ई) नाम उ) क्रियाविशेषण अव्यय ऊ) शब्दयोगी अव्यय

तुमच्या मुलांना असे आणखी शब्द सापडले तर जरूर कळवा!