वेब फ्रेमवर्कमधील स्टाईलशीट-प्रक्रियेची मांडणी आणि मराठी अक्षररूप

प्रस्तावना

संकेतस्थळाचा आशय आणि त्याचे दृश्यरूप वेगळे ठेवता यावे, यासाठी हाकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसचा प्रस्ताव मांडला. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डिसेंबर १९९६ मध्ये त्याच्या पहिल्या आवृत्तीची शिफारस केली. आज मात्र विकसकाने लिहिलेली स्टाईलशीट बहुधा जशीच्या तशी ब्राउझरकडे जात नाही. ती फ्रेमवर्कमधील अनेक प्रक्रियांतून जाते. भिवंडीसारख्या बहुभाषिक शहरातील महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर मराठी, उर्दू, हिंदी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी येऊ शकतो. अशा संकेतस्थळासाठी या प्रक्रियेची मांडणी कशी करावी, याचे विवेचन लाराव्हेल या फ्रेमवर्कच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रक्रियेचा क्रम

यंत्रमागावर सूत तसेच चढवीत नाहीत. वार्पिंग व सायझिंग होऊन बीम भरला जातो आणि मगच विणाई सुरू होते. स्टाईलशीटचेही तसेच आहे. लाराव्हेलने २०२२ पासून त्यासाठी वीट हे साधन स्वीकारले आहे. प्रथम सॅसमधील चले व मिश्रणे यांचे साध्या सीएसएसमध्ये रूपांतर होते. नंतर पोस्टसीएसएस जुन्या ब्राउझरांसाठी आवश्यक ते उपसर्ग जोडते. शेवटी अनावश्यक मोकळ्या जागा काढून फाइल लहान केली जाते. सॅससाठी वेगळे प्लगइन लागत नाही, ते पॅकेज प्रकल्पात बसविणे पुरेसे असते. पोस्टसीएसएसची मांडणी-फाइल प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये असल्यास वीट ती स्वतः शोधते.

अंतिम फाइलीच्या नावात आशयावरून काढलेली खूण जोडली जाते. शैली बदलली की नाव बदलते आणि ब्राउझर साठवलेली जुनी फाइल वापरीत नाही. म्हणून हे नाव पानात हाताने लिहू नये. लाराव्हेलच्या वीट-निर्देशाद्वारेच फाइल जोडावी.

सामायिक शैली

प्रत्येक सॅस फाइलीच्या आरंभी काही मजकूर आपोआप जोडण्याची सोय 'ॲडिशनलडेटा' या पर्यायात आहे. त्यात केवळ चले व मिश्रणे ठेवावीत. प्रत्यक्ष शैलीनियम ठेवल्यास, वीस फाइली असतील तर तो नियम अंतिम फाइलीत वीस वेळा येऊ शकतो. मोबाइलवरून परीक्षेची सूचना पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा भार विनाकारण सोसावा लागतो.

मराठी अक्षररूप

महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ही रूपे प्रमाण मानली. युनिकोडमध्ये मात्र मराठी व हिंदी 'ल' यांचा संकेतांक एकच आहे. रूप निवडण्याचे काम फाँटमधील स्थानिक-रूपांची सोय करते आणि ती पानावर घोषित केलेल्या भाषेवरून कार्यान्वित होते. लाराव्हेलच्या आरंभीच्या साच्यात ही भाषा 'लोकॅल' या मूल्यावरून घेतली जाते व ते मूल्य मुळात इंग्रजी असते. ते न बदलल्यास संपूर्ण मराठी पान ब्राउझरच्या लेखी इंग्रजी ठरते आणि योग्य फाँट असूनही मराठी रूपे दिसत नाहीत. यासाठी मूल्य 'एमआर' करावे. उर्दू वा हिंदी परिच्छेदांना त्यांचे स्वतंत्र भाषासंकेत द्यावेत, म्हणजे भाषानिहाय फाँट व ओळींमधील अंतर ठरविता येते.

देवनागरीपुरता लहान फाँट वापरताना ०९०० ते ०९७एफ या मुख्य श्रेणीसोबत अदृश्य जोडचिन्हे (२००सी व २००डी) व रुपयाचे चिन्ह (२०बी९) यांचाही समावेश करावा. फाँट लहान करताना स्थानिक रूपे वगळली जाणार नाहीत, हे पाहावे. इंग्रजी मथळ्यांसाठी ठेवलेले अक्षरांतर देवनागरीला लावू नये. त्याने शिरोरेषा तुटते.

निष्कर्ष

स्टाईलशीट-प्रक्रिया ही केवळ तांत्रिक सोय नाही. वाचकाला त्याची भाषा कोणत्या रूपात दिसेल, हे तिच्यावर अवलंबून असते. परंतु घोषित भाषाच चुकीची असेल, तर उत्तम मांडणीही ती उणीव भरून काढू शकत नाही. विकासाच्या काळातील पान व अंतिम बांधणीतील पान एकाच प्रक्रियेतून जात नसल्याने तपासणी अंतिम बांधणीवरच करावी. 'ल', 'श', 'ऱ्य' व रुपयाचे चिन्ह असलेली एखादी सूचना त्या तपासणीस पुरेशी ठरते.