तेंडुलकर, प्रिया
(१९ ऑक्टोबर १९५४ – १९ सप्टेंबर २००२). भारतीय दूरचित्रवाणी अभिनेत्री व मराठी कथालेखिका. नाटककार विजय तेंडुलकर यांच्या त्या कन्या. गिरीश कार्नाड यांच्या हयवदन या नाटकात त्यांनी बाहुलीची भूमिका केली. श्याम बेनेगल यांच्या अंकुर (१९७४) या चित्रपटात जमीनदारपुत्राच्या पत्नीची भूमिका त्यांच्याकडे होती. तथापि केवळ अभिनयावर त्या अवलंबून नव्हत्या. हॉटेलातील स्वागतिका, हवाई सुंदरी, वृत्तनिवेदिका अशी निरनिराळी कामेही त्यांनी केली. पुढे गोंधळात गोंधळ (१९८१), थोरली जाऊ (१९८३) इ. मराठी चित्रपटांतून त्या परिचित झाल्या.

त्यांना देशव्यापी कीर्ती मिळाली, ती बासू चटर्जी दिग्दर्शित रजनी (१९८५) या हिंदी मालिकेमुळे. स्वयंपाकाच्या गॅसचा विक्रेता, टॅक्सीचालक, सरकारी कचेरीतील कर्मचारी अशांकडून होणारी अडवणूक निमूटपणे न सोसता जाब विचारणारी मध्यमवर्गीय गृहिणी त्यांनी रंगविली. खाजगी वाहिन्या नसलेल्या त्या काळात मालिकेचा प्रभाव एवढा होता, की टॅक्सीचालकांवरील भागाच्या निषेधार्थ चालकांनी मुंबई दूरदर्शन केंद्रावर धाव घेतली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये संमत झाला; त्याचे श्रेय मालिकेला देणे अतिशयोक्तीचे ठरेल, परंतु ग्राहकाचे हक्क हा घरोघरी बोलण्याचा विषय झाला, हे खरे. कथानकांची मांडणी मात्र सोपी होती. एका बाईच्या खंबीरपणापुढे अन्याय करणारा अर्ध्या तासात नमतो आणि व्यवस्था आहे तशीच राहते. ही उणीव जाणवू न देण्याचे काम प्रिया तेंडुलकरांच्या अभिनयाने केले. भाषणबाजीऐवजी रोजच्या घासाघिशीचा सूर त्यांनी संवादांना दिला. परिणामी प्रेक्षक भूमिका आणि व्यक्ती यांत भेद करीनासे झाले. नंतरच्या काळात सामाजिक प्रश्नांवरील चर्चात्मक कार्यक्रमाची सूत्रेही त्यांच्याकडे आली, ती बव्हंशी याच प्रतिमेमुळे. हम पाँच (१९९५) या विनोदी मालिकेतील भूमिका मात्र अगदी निराळी : भिंतीवरील तसबिरीतून पतीशी बोलणारी दिवंगत प्रथम पत्नी. चौकटीतला चेहरा आणि आवाज एवढ्यावरच त्यांनी ती लोकप्रिय केली.

रजनीमध्ये पतीची भूमिका करणारे करण राजदान यांच्याशी १९८८ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९९५ मध्ये ते विभक्त झाले.

लेखिका म्हणून त्यांची दखल अभिनेत्रीच्या मानाने कमी घेतली गेली. ज्याचा त्याचा प्रश्न, जन्मलेल्या प्रत्येकाला, असंही हे त्यांचे कथासंग्रह होत. कर्करोगाने ग्रासलेल्या असताना हृदयविकाराच्या झटक्याने मुंबई येथे त्यांचे निधन झाले.