मध्यरात्रीची डाक आणि डकोटा

१९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालयोजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत आणि डाकेच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करून आपापल्या मुक्कामी परतत. नकाशावर दिल्ली ते नागपूर सरळ रेषा ओढली, तर ती सातपुडा ओलांडून, पांढुर्णा पश्चिमेस ठेवीत, सौंसर तहसिलीवरून जाते. तेथून नागपूर सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे तत्कालीन डकोटा विमानाला पाव तासाची मजल.

१९३५ साली प्रथम उडालेल्या या डीसी-३ जातीच्या विमानाशी आजच्या तरुण वैमानिकाची गाठ पडते, तेव्हा पहिला धडा जमिनीवरच मिळतो. शेपटीखालच्या चाकावर रेलल्यामुळे नाक आकाशाकडे असते, समोरची वाट नीट दिसत नाही, म्हणून यान नागमोडी न्यावे लागते. शिवाय गुरुत्वमध्य पुढील चाकांच्या मागे असल्याने आडव्या वाऱ्यात ते गर्रकन फिरू पाहते, आणि त्यास आवरण्यासाठी पाय सुकाणूच्या पायट्यांवर अखंड जागृत ठेवावे लागतात.

हवेतही विसावा नाही. हातातील सुकाणूचक्राचा आदेश पोलादी तारांनी पोहोचतो, त्याला बाहूंचे बळ लागते. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसल्याने फार उंच जाऊन वादळ टाळणे दुष्कर. असे यान चालविणे म्हणजे केवळ यंत्रास आज्ञा देणे नव्हे, तर वाऱ्याशी हातमिळवणी करणे होय.